'बघू' असं बटण नसतं

सरांनी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर मी तीन वर्षं दिलं नाही. प्रश्न अवघड नव्हता. "काट्याचं काम पुढं तू सांभाळशील का? हो म्हण, नाही म्हण." मी म्हणाले, "बघते की सर," आणि जिना उतरले, कारण कुर्डुवाडीला जाणारी गाडी सुटायला थोडाच वेळ राहिला होता.

दुसऱ्या कुणाला असं म्हणून मी जन्मभर सुखात राहिले असते. आमच्याकडं 'बघू की' हे उत्तरच समजतात. बहुतेक वेळा ते 'नाही' असतं, आणि तसं ते आहे हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. कुणाचं मन दुखत नाही, कुणी पुन्हा विचारत नाही. पण सरांना हे चालत नसे. पुण्यातल्या ऑफिसात काम करता करता मधेच त्यांचा तो प्रश्न आठवायचा आणि मी खुर्चीवरून उठून बाटलीत पाणी भरायला जायची. बाटली भरलेली असली तरी.

सरांचं ऑफिस सोलापुरात, अशोक चौकाच्या पुढं, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत आम्ही प्रोग्राम लिहिणारे, आतल्या खोलीत सर. दवाखान्यांचे केसपेपर, चादरीच्या कारखान्यांची गोदामं आणि साखर कारखान्यांचे वजनकाटे, म्हणजे उसाची अख्खी गाडी ज्यावर उभी राहते ते मोठे लोखंडी काटे, यांचे प्रोग्राम आम्ही करायचो. सगळे तिथल्याच संगणकावर बसवायचे, नेट न लागणारे, जुन्या पद्धतीचे. लोक विचारायचे, अजून असलं चालतं का? चालतं. काट्याच्या केबिनमध्ये एक संगणक असतो, त्याला काट्याची एक वायर जोडलेली असते, आणि नेट गेलं तरी गाड्यांची रांग थांबत नाही.

मी मुलाखतीला गेले तेव्हा माझ्या हातात प्रमाणपत्रांची फाइल होती. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, होते. त्या फाइलला त्यांनी स्वतः प्लॅस्टिकचं कव्हर घातलं होतं. सरांनी ती उघडलीसुद्धा नाही. ते खोलीत येरझाऱ्या घालत होते. त्यांना बसलेलं मी फारसं कधी पाहिलं नाही. जेवणही उभ्यानं, कडक भाकरीचा तुकडा एका हातात आणि शेंगाची चटणी खिडकीच्या कठड्यावर.

"बाहेर जा आणि आत ये," ते म्हणाले.

मी बाहेर गेले, आत आले.

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही सर. जाहिरात वाचली."

"मग तसं आधी सांगायचं. परत."

मी परत गेले, दार वाजवलं, जाहिरात वाचून आले म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, "रोज गाडीनं येणं जमेल?" मी म्हणाले, "प्रयत्न करीन सर."

"प्रयत्न हे उत्तर आहे का?"

"जमेल सर."

"झालं. आता जाताना दार ओढून घे आणि कडी लाव."

एवढीच मुलाखत. मला वाटलं, माणूस जरा सरकलेला आहे. बाहेरच्या खोलीत इरफानभाई बसले होते. ते ऑफिसातले सगळ्यात जुने. गालातल्या गालात हसत म्हणाले, "घाबरू नक्को. मेरेकू भी चालीस बार दरवाजा खुलवाए थे."

पुढचे पंधरा दिवस माझं काम म्हणजे तेच. प्रोग्राम चालू असताना मधेच एक छोटी खिडकी पुढं येते, 'नोंद साठवायची का?' असं विचारते, आणि तिला उत्तर देईपर्यंत मागच्या मोठ्या खिडकीतलं काही म्हणता काही दाबता येत नाही. तिला मोडल डायलॉग म्हणतात. कॉलेजात तो अर्ध्या पानात संपला होता आणि परीक्षेत दोन मार्कांना यायचा. सरांनी मला त्या अर्ध्या पानावर पंधरा दिवस बसवलं. बसवलं म्हणजे उभं केलं. बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत जायचं, दार वाजवायचं, विचारायचं, उत्तर घ्यायचं, बाहेर येऊन इरफानभाईंना ते सांगायचं. मग बसून तेच संगणकावर लिहायचं.

"खिडकी उघडताना ती कुणाची ते सांगायचं," सर चालता चालता बोलायचे. "मालक सांगितला नाही तर ती मोठ्या खिडकीच्या मागं जाऊन लपते. समोर बसलेल्याला वाटतं, मशीन मेलं. तो माऊस आपटतो, शेवटी वायर ओढतो. आणि मागं ती बिचारी विचारतेच आहे, साठवू का, साठवू का."

उत्तराचं तर विचारूच नका. "खिडकी बंद झाली यात काही नाही. काय म्हणून बंद झाली? हो? नाही? का कोपऱ्यातली फुली दाबून गेला माणूस? फुली म्हणजे नाही. ती ऐकायची."

आणि कडी. हे मला फार उशिरा कळलं. अशी खिडकी बंद केली की ती पडद्यावरून जाते, पण संगणकाच्या स्मरणात तशीच राहते. तिला वेगळं सांगून मोकळं करावं लागतं. नाहीतर दिवसभरात अशा शेकडो साचतात आणि संध्याकाळपर्यंत मशीन जड होतं. सर म्हणायचे, "दिसत नाही म्हणजे गेली असं नाही."

तिसऱ्या दिवशी मी घरी सांगितलं की मला प्रोग्रामिंग सोडून दारं उघडायला लावतायत. वडील जेवत होते. म्हणाले, "दार उगडाय-लावायचा पगार देतेत व्हय? मग लाव की!"

सरांच्या खिशाला टोपणाचं एक साधं पेन असायचं. कुणाला प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर हवं असलं, की ते टोपण काढून त्या माणसासमोर टेबलावर ठेवायचे. उत्तर दिलं की आपण ते टोपण त्यांच्याकडं सरकवायचं, ते पेनाला लावायचे, आणि पुढचं बोलणं सुरू. तोवर दुसरा विषय नाही. मधे फोन वाजला तर वाजू द्यायचा. नवीन गिऱ्हाईक भांबावून जायचं. एकदा एका दवाखान्याचे डॉक्टर आले होते. सरांनी विचारलं, "पेशंटचं जुनं नाव बदलायची मुभा ठेवायची?" डॉक्टर म्हणाले, "बघू की, नंतर ठरवू."

सरांनी टोपणाकडं बोट केलं. "हो असं बटण असतं. नाही असं असतं. रद्द असं असतं. बघू असं बटण तुम्ही कुठं पाहिलंय का? मला दाखवा, मी उद्या बनवतो."

डॉक्टर हसले, मग दहा मिनिटं खरोखर विचार करून 'नाही' म्हणाले. इरफानभाई मला हळूच म्हणाले, "देख, कित्ता भारी आदमी है. और कित्ता त्रास."

त्रास होताच. त्यांच्या बायकोचा तर जीव मेटाकुटीला यायचा. सरांच्या भाचीला एक स्थळ आलं होतं. बघून गेले, पोहे खाऊन गेले, 'कळवतो' म्हणाले. महिना झाला, काही कळवलं नाही. एका रविवारी सर उठले आणि त्या स्थळाच्या, मुलाच्या घरी जाऊन बसले. म्हणजे उभे राहिले. सरांच्या घरी तेलुगू बोलतात, मुलाकडचेही तेलुगूच. सरांनी एवढंच विचारलं, "औना? कादा?" होय का नाही? ते लोक चहा देतात, पाणी देतात, मुलाचा काका गावाला गेलाय म्हणतात. सरांचं तेच, औना? कादा? शेवटी मुलाच्या आईनं चिडून सांगितलं, "कादा!" सर म्हणाले, "उपकार झाले," चहा संपवला आणि आले. नात्यात वर्षभर त्यावर हशा चालू होता. ही हकिगत मला ऑफिसात आलेल्या त्याच भाचीनं सांगितली. शेवटी म्हणाली, "मामांना हसतात सगळे. पण त्या महिन्यात मी फोन वाजला की दचकत होते. त्या रविवारी पहिल्यांदा झोपले."

हे सगळं त्यांच्यात कुठून आलं, हे एकदा त्यांनीच सांगितलं. त्यांचे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते. हजारो धाग्यांतला एक तुटला की त्याच्यावरची पत्र्याची छोटी पट्टी खाली पडायची आणि सगळा माग थांबायचा. सर लहानपणी डबा घेऊन जायचे आणि माग थांबला की घाबरायचे. वडील म्हणायचे, थांबला ते बरं झालं, थांबला नसता तर अख्ख्या चादरीत भोक पडलं असतं. आता घाई एकच, तुटलेला धागा शोध. सर म्हणाले, "लोक मागाला लाथ मारतात. धागा शोधत नाहीत."

एवढं शिकवूनही माझ्या हातून जे झालं ते झालंच.

जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या काट्याचा प्रोग्राम माझ्याकडं होता. गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता. काट्यावर गाडी उभी राहिली की खिडकी विचारायची, 'वजन नोंदवायचं का?' कारखान्याचा माणूस फोनवर म्हणाला, रांग लांबतेय, काहीतरी करा, दोन-दोन बटणं दाबायला लागतात. मी घाईत बदल केला आणि पाठवला. सरांना दाखवला नाही. ते त्या दिवशी अक्कलकोटला दवाखान्याच्या कामाला गेले होते.

चार दिवसांनी सकाळी काटा-क्लार्क भानुदासअण्णांचा फोन आला. आवाज चिरका झाला होता. "बाई, मला केबिनीत कोंडलंय. काटा मारतो म्हणत्याती."

काटा मारणं म्हणजे वजन कमी दाखवून शेतकऱ्याचा ऊस खाणं. आमच्या भागात एखाद्याला याहून वाईट शिवी देता येत नाही. अण्णा त्या काट्यावर वीस वर्षं होते.

सर आणि मी एसटीनं निघालो. गाडीत जागा होती. मी खिडकीशी बसले, सर दांडी धरून उभे. सोलापूर सोडलं तसं त्यांनी खिशातून पेन काढलं आणि टोपण माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवलं.

"चूक अण्णांची का तुझी?"

"बघावं लागेल सर."

टोपण गाडीच्या धक्क्यानं सीटवर इकडून तिकडं घरंगळत होतं आणि पडू नये म्हणून मी ते हातानं अडवत होते. मग मी लॅपटॉप उघडला. मोहोळचा थांबा यायच्या आत सापडलं. खिडकी बंद झाली की वजन नोंदव, एवढंच मी लिहिलं होतं. काय म्हणून बंद झाली, हे विचारलंच नव्हतं. तपासताना मी दर वेळी 'हो'च दाबलं होतं, म्हणून कळलं नाही.

काट्यावर काय झालं असेल ते डोळ्यांपुढं आलं. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येतो. मागच्या ट्रॉलीचं चाक काट्याबाहेर राहतं. अण्णांना ते दिसतं, म्हणून ते फुली दाबून खिडकी घालवतात आणि ओरडतात, "पुढं घे रं!" गाडी पुढं येते, पुन्हा वजन होतं. पण अर्धवट गाडीचं वजन आधीच नोंदलं गेलेलं असतं आणि पावती त्याचीच निघते. अण्णा नाही म्हणाले होते. माझ्या प्रोग्रामनं हो लिहिलं होतं.

"माझी, सर," मी म्हणाले आणि टोपण त्यांच्या हातात दिलं. नोकरी गेली हे मला कळून चुकलं होतं. वडिलांना काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव चालली होती.

"झालं," सर म्हणाले आणि टोपण लावलं.

कारखान्यावर पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. केबिनभोवती वीस-पंचवीस माणसं, मागं गाड्यांची रांग. पांढऱ्या मिशांचे एक शेतकरी सगळ्यांच्या पुढं, दोन्ही हातांत दोन पावत्या. वाटेतल्या खासगी काट्यावर ते गाडी तोलून आले होते.

"वाटंत बावीस टन, हितं एकोनीस! तीन टन ऊस काय ट्रॅक्टरनं खाल्ला व्हय?"

"त्यो कशाला खाईल? खानारा आत बसलाय की!" मागून कुणीतरी.

अण्णा आत खुर्चीवर हात जोडून बसले होते. मला म्हणाले, "बाई, लेक ह्याच गावात दिलीया माझी. तिला पान्याला जाता याचं न्हाय."

सरांनी केबिनच्या खिडकीच्या कठड्यावर टोपण ठेवलं. गर्दीकडं त्यांचं लक्षच नव्हतं. "तू बोलणार का मी बोलू? दोन्ही चालेल. पण सांग."

एवढ्या माणसांपुढं मी जन्मात बोलले नव्हते. वर्गात उत्तर येत असून हात वर न करणारी मुलगी मी. माझ्या तोंडून 'मी' असं कसं निघालं, मला अजून माहीत नाही. मी टोपण सरकवलं.

"काका, चूक माझी आहे. अण्णांची नाही," मी म्हणाले. "तुम्ही आत या. तुम्हीच दाबून बघा."

मिशीवाले काका आत आले. त्यांचाच ट्रॅक्टर पुन्हा काट्यावर घेतला, रिकामाच. मागचं चाक मुद्दाम बाहेर ठेवलं. पडद्यावर खिडकी आली. मी म्हणाले, "आता ही कोपऱ्यातली फुली दाबा. म्हणजे नको, नोंदवू नको."

त्यांनी जाड बोटानं माऊस धरला, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा फुली दाबली. पावती निघाली. त्यांनी ती उजेडात धरून वाचली.

"आरं तिच्या," ते म्हणाले. "म्या नगं म्हनलं, आन् ह्यानं व्हय लिवलं की!"

ते बाहेर जाऊन सगळ्यांना तेच सांगू लागले. माझ्यापेक्षा फार चांगलं सांगितलं त्यांनी. मी तिथंच बसून प्रोग्राम दुरुस्त केला. वजन चुकलेल्या गाड्यांचं काय करायचं ते कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांसमोर ठरवलं. गर्दी पांगायला लागली. मला वाटलं, संपलं.

सरांचं संपलं नव्हतं. ते गर्दीच्या वाटेत उभे राहिले. "अण्णा चोर आहेत का? हो का नाही?"

"झालं की आता," एकजण म्हणाला. "जाऊ द्या की."

"जाऊ द्या हे उत्तर नाही. सकाळी तुम्ही प्रश्न विचारलात. सगळ्यांसमोर विचारलात. तो बंद करून जा."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. कुणी हसलं. मिशीवाले काका मागं वळले, केबिनच्या दारात गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "न्हाय. अण्णा चोर न्हाय. म्याच पयला वराडलो, म्याच सांगतो." मग दुसरा म्हणाला. मग तिसरा. जो 'जाऊ द्या' म्हणाला होता तो सगळ्यांत शेवटी, चपलेनं माती उकरत, "न्हाय बाबा, न्हाय."

अण्णांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

परतीच्या एसटीत मी सरांना विचारलं, "सर, मला काढणार का?"

"नाही."

"विचार न करता सांगताय?"

"विचार येताना केला. उभं राहून चांगला होतो."

माझ्यासाठी तेव्हा त्याहून मोठा प्रश्न जगात नव्हता. त्याचं उत्तर त्यांनी मला श्वास घ्यायच्या आत दिलं. घरी जाऊन मी वडिलांना काही सांगू शकले ते त्या एका शब्दामुळं. आणि त्याच माणसाला पुढं तीन वर्षांनी, पुण्यातली नोकरी लागल्यावर, शेवटच्या दिवशी, मी म्हणाले, बघते की सर.

त्यांचं वय झालं होतं, गुडघा दुखायचा. काट्यांचं काम माझ्याच हाती द्यायचं त्यांच्या मनात होतं. पुण्यातून केलंस तरी चालेल, म्हणाले होते. नाही म्हणायचं माझं धाडस झालं नाही. ज्यांनी मला उभं केलं त्यांना तोंडावर नाही कसं म्हणायचं? हो म्हणावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. दिवाळीला मेसेज पाठवायची. ते 'शुभेच्छा' एवढंच लिहायचे. त्या शब्दाखाली आणखी काही आहे का, म्हणून मी पडदा वर-खाली करायची.

या वर्षी हंगामाच्या आधी इरफानभाईंचा फोन आला.

"बहन, एक बात पूछूँ? काट्याचं काय ठरवलंस तू?"

"म्हणजे? सरांनी दुसरं कुणी बघितलं नाही?"

"कैसे देखेंगे? तेरा जवाब आना है बोलते. तीन सीजन हुए, जुनंच चालवतायत. गुडघा धरून स्वतः जातात. कारखान्याला नवा काटा बसवायचाय, नवा प्रोग्राम पायजे. सर म्हणतात, आधीचा प्रश्न उघडा आहे, पुढचा कसा विचारू? वो टोपण बी वहीच पड़ा है टेबल पे. झाडूवाली को बी हात लगाने नै देते."

त्या शनिवारी मी कुर्डुवाडीला घरी गेले आणि वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "सिग्नल लाल असला तर ड्रायव्हर थांबतो, हिरवा असला तर जातो. तू त्यास्नी बिगर दिव्याच्या खांबापुढं हुबं केलंस की. आन् वर म्हनतीस, माझ्या मनात लई मान हाय त्यांचा."

सोमवारी सकाळच्या गाडीनं सोलापूरला गेले. अशोक चौकातून जिना चढेपर्यंत दोनदा वाटलं, परत फिरावं. बाहेरच्या खोलीत इरफानभाई होते. त्यांनी मान हलवली. मी आतलं दार वाजवलं.

"कुणी पाठवलं?" आतून आवाज आला.

"कुणी नाही सर. माझी मी आले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला."

सर खिडकीशी उभे होते. बारीक झाले होते. टेबलावर माझ्या बाजूला ते निळं टोपण होतं, आणि त्याच्याभोवती धुळीचं वर्तुळ, कारण तेवढी जागा कुणी पुसली नव्हती. पेन त्यांच्या खिशाला होतं, बिनटोपणाचं. खिशावर शाईचा जुना डाग.

"सर, नाही," मी म्हणाले. "मला पुण्यातलं काम सोडायचं नाही, आणि दोन्ही केलं तर काट्याचं नीट होणार नाही. एकदा झालंय तसं पुन्हा व्हायला नको." आणि टोपण सरकवलं. एवढंसं होतं ते, पण मला हात लांब करावा लागला.

त्यांनी ते उचललं, फुंकर मारली. "कारण विचारलं नव्हतं मी," ते म्हणाले. "पण सांगितलंस ते बरं केलंस." मग विचारलं, "कधी हो वाटलं होतं का?"

"दोनदा."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

हे विचारताना त्यांनी टोपण खाली ठेवलं नाही, हातातच ठेवलं. म्हणून मी उत्तर दिलं नाही. त्यांनीही थांबून पाहिलं नाही. पेन खिशातून काढून एका कागदावर ओढून बघितलं. पुसटसुद्धा रेघ उमटली नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. चिडतील तरी. ते टेबलाचा खण उघडून नवं पेन शोधत होते.

"इरफान!"

इरफानभाई आत आले. दारातच म्हणाले, "आप बुलाए म्हणून आया सर."

सरांनी नव्या पेनाचं टोपण काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. "काट्याचं काम तुम्ही घ्याल का? नवा प्रोग्राम, सगळं. हो का..."

"हौ," इरफानभाई म्हणाले. सरांचं बोट सुटायच्या आत त्यांनी टोपण परत सरकवलं होतं.

सर पहिल्यांदाच जरा गडबडले. "एवढ्या लवकर? विचार तरी करा."

"जल्दी कहाँ सर," इरफानभाई म्हणाले. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. "तीन साल हो गए."

परतीच्या गाडीत बसायला जागा होती. कुर्डुवाडीपर्यंत मी दारापाशी उभी राहिले. आणखी कुणाकुणाला 'बघू की' म्हणून ठेवलंय, ते आठवत.